शनिवारचं तेल आणि ब्लास्टिंगचा पाइप

आमच्या घरात ‘पाइप’ म्हटलं की नळाचा पाइप कुणाच्या डोक्यात येत नाही. पाइप म्हणजे दादाचा पाइप. माझा मोठा भाऊ हाटकेश भागातल्या एका गाळ्यात ब्लास्टिंग करतो. गंजलेलं लोखंड येतं, गेट, ग्रिल, बोटींचे नांगर-दांडे, पाण्याच्या टाक्या. दादा त्यावर दाबाच्या हवेने बारीक धारदार काळी कच मारतो आणि सगळा गंज उडवून लोखंड राखाडी, कोरं करून देतो. मग त्यावर रंग चढतो आणि लोक रंगाचं कौतुक करतात.

ही कच एका बंद लोखंडी भांड्यात भरलेली असते. त्याला गाळ्यात ‘पॉट’ म्हणतात. कॉम्प्रेसरची हवा कच ढकलते आणि पॉटपासून दादाच्या हातातल्या नॉझलपर्यंत ती या रबरी पायपातून येते. म्हणजे जी कच लोखंडाचा गंज खाते, ती वाटेत पायपालाही आतून खात असते. बाहेरून कळत नाही. पाइप जमिनीवर अजगरासारखा पडलेला असतो, गुबगुबीत, धडधाकट. त्याचं शेवटचं टोक दादाच्या खांद्यावरून, मानेला लागून पुढे येतं. तिथे फुटला तर काय होईल हे गाळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही.

मी बोलते. मी कामगार संघटनेची पत्रकं लिहिते, वाटते, दुरुस्त करून परत वाटते. हा माझा आजार घरच्यांनी आता मान्य केला आहे. दादा माझ्या हातून पत्रक घेतो, नीट वाचतो आणि म्हणतो, “कागद चांगला आहे. वड्याचं तेल शोषतो.”

एका संध्याकाळी जेवताना तो सहज म्हणाला, “आज पाइप गेला.”

वहिनीचा भाकरी थापणारा हात थांबला. “गेला म्हणजे?”

“फुटला. पॉटपासून हातभर अंतरावर. समोरच्या पत्र्याला भोक पडलंय, मूठ जाईल एवढं.”

“आणि तुम्ही कुठे होतात?”

“दुसऱ्या टोकाला गं. मी कायम दुसऱ्या टोकाला असतो.”

“आणि पुढच्या वेळी दुसऱ्या टोकाला फुटला तर?” मी विचारलं.

“तर तुला नवीन पत्रक,” दादा म्हणाला. वहिनी हसली नाही. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, “ती बर्फवाल्यांची टाकी कधी करायचीय?”

हा खरा प्रश्न होता. उत्तनकडच्या एका बर्फाच्या कारखान्याची मोठी टाकी गाळ्यात आली होती. ती आतून साफ करायची होती. उघड्यावर पाइप फुटला तर माणूस बाजूला उडी मारू शकतो. टाकीला वरून एकच गोल तोंड असतं, माणूस शिडीने आत उतरतो, डोक्यावर टोप, टोपातून श्वासाची वेगळी नळी. आत पाइप फुटला तर ती सगळी कच टाकीच्या भिंतींवर आपटून माणसावरच परत येणार. उडी कुठे मारणार?

वहिनीने पाणी प्यायलं आणि सरळ सांगितलं, “त्या पायपाने टाकीत उतरायचं नाही.”

“शेठ म्हणालेत, बघून या दुकानात,” दादा म्हणाला. “नक्की घेतील असं नाय म्हणाले. बघून या म्हणाले.”

मी म्हटलं, मी येते. आणि फुटलेल्या जागेचा तुकडा कापून बरोबर घेऊ. दादाला वाटलं दुकानदाराला दाखवायला. मला तो तुकडा पुराव्यासाठी हवा होता. स्वस्तातला माल आणून माणसांच्या मानेवर ठेवायचा, हे मी छापणार होते. मथळासुद्धा तयार होता.

भाईंदर पूर्वेला एक दुकान आहे, जमिनीपासून छतापर्यंत पायपांची वेटोळी. दुकानदाराने आम्हाला बसायला एक वेटोळंच दिलं. दादा दुकानात शिरला की हिंदी बोलतो, समोरचा मराठी असला तरी.

“सँडब्लास्टिंग का चाहिए. टिकाऊ वाला.”

दुकानदाराने तीन तुकडे काढून काउंटरवर ठेवले. पहिला पिवळाधमक, गुळगुळीत, हलका. दुसरा काळा, मनगटाएवढा जाड, वाकवला तर वाकेना. तिसराही काळा, पण दुसऱ्यापेक्षा बारीक आणि दिसायला अगदी सामान्य.

दादाने सवयीने जाड पाइप उचलला. “हाच. ह्याला काय होणार नाय.”

“कापलेलं तोंड बघ ना,” मी म्हटलं. आदल्या रात्री मोबाइलवर जेवढं सापडलं तेवढं मी वाचलं होतं. “बाहेरची जाडी बघून काय करायचंय? कच आतून जाते.”

आम्ही तिन्ही तुकड्यांची तोंडं उजेडाकडे धरली. पिवळ्याच्या आत पातळ प्लॅस्टिकचा थर होता. तो नुसत्या हवेसाठी, कच त्याला महिन्याभरात भोक पाडेल, असं दुकानदारानेच सांगितलं. आमच्या जाडजूड पैलवानाच्या आत रबराचा थर जेमतेम होता, बाकी सगळी जाडी बाहेरच्या कापडाची आणि सालीची. आणि त्या सामान्य दिसणाऱ्या तिसऱ्याच्या आत जाड, मऊसर, काळंभोर रबर. नखाने दाबलं तर दबायचं आणि परत यायचं.

“मऊ आहे हे,” दादा नाखुशीने म्हणाला.

“मऊच पाहिजे,” दुकानदार म्हणाला. त्याने काउंटरवर मूठ आपटून दाखवली, मग गादीवर आपटून दाखवली. “कडक पे लगेगा तो काटेगा. नरम पे लगेगा तो उछलेगा. और ये करंट भी नहीं मारेगा.”

दादाने चटकन वर पाहिलं. कोरड्या हवेत कच घासून पायपात वीज साठते आणि नॉझल धरणाऱ्याला झटके बसतात. आमच्याकडे हिवाळ्यात दादा घरी आला की दाराच्या कडीला हात लावायलाही बिचकतो. गाळ्यात त्यांनी पायपाला तार गुंडाळून ती जमिनीत खोचली होती आणि झटका बसला की हसायची पद्धत पाडली होती. काळ्या रबरातच ती वीज वाहून नेण्याची सोय असते, हे त्याला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. माझं डोकं तापलं ते इथे. साधी गोष्ट. विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याने विचारली असती तर त्यालाही ठाऊक झाली असती. झटका ज्याला बसतो त्याला तेवढी सोडून बाकी सगळी हकिगत ठाऊक.

मग मी पिशवीतून आमचा पुरावा काढला. “आणि हा बघा. हा कसला माल आहे ते सांगा.”

दुकानदाराने फुटलेला तुकडा हातात घेतला. आतलं तोंड पाहिलं आणि त्याचा चेहरा जरा गोंधळला. “माल तो अच्छा है. अंदर अभी बहुत बाकी है.” मग बाहेरून अंगठ्याने दाबलं. साल आंबट ढोकळ्यासारखी फुगलेली होती, दाबली तर थराथराने सुटत होती. त्याने तुकडा नाकाशी नेला.

“इसको तेल लगाते हो क्या?”

दादाने नकळत हाताचे तळवे पँटला पुसले.

गाळ्यात कॉम्प्रेसरच्या वर मारुतीची तसबीर आहे. दर शनिवारी काम सुरू करण्याआधी त्याला तेल वाहतात, आणि वाटीत उरलेलं तेल पायपाला चोळतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हात न उचलता. ही रीत दादाने पाडली. कारण सरळ आहे. मशीन बिघडलं तर काम थांबतं, पाइप बिघडला तर माणूस. ज्याची भीती त्याला तेल. आणि ते तेल जातं आमच्या घरून, छोट्या बाटलीत, वहिनी भरून देते.

“रबर तेल पीता है, भाई,” दुकानदार म्हणाला. “फूल जाता है, फिर छिलका छोड़ देता है. खाने का हो या मशीन का, तेल मत लगाओ.”

आम्ही बाहेर आलो. स्कूटरला किक मारायच्या ऐवजी दादा सीटवर हात ठेवून उभा राहिला.

मी आधी बोलले. “हे शेठला सांगायचं नाही.”

“का?”

“का म्हणजे? तुमचीच चूक म्हणून हात झटकतील. नवा पाइप कशाला देतील मग? आपल्या हाताने त्यांना मुद्दा द्यायचा नाही.” हे मला संघटनेत शिकवलेलं आहे आणि ते बहुतेक वेळा बरोबर असतं.

“आणि नवा आला की?” दादाने विचारलं. “पहिल्याच शनिवारी आमचा पॉटवाला चाचा वाटी घेऊन बसेल त्याच्याजवळ. त्याला काय सांगू? गुपचूप सांगू? त्या गाळ्यात शिंक गुपचूप देता येत नाय.”

“चाचाला सांग ना एकट्याला.”

“चाचाला सांगितलं की शेठला सांगितलं. पाइप माझ्या मानेवर असतो, बाई. मुद्दा तुझ्याकडे ठेव.”

तरी मी म्हटलं, “तेल चोळलं ते चुकलं. पण तुम्ही तेल का चोळत होतात? कुणी येऊन तो पाइप एकदा तरी तपासला होता? तपासणारं कुणी नाही म्हणून मारुतीवर सोपवलं ना?”

“मारुतीला मध्ये घेऊ नको,” दादा म्हणाला आणि किक मारली.

दुसऱ्या दिवशी मी गाळ्यावर गेले. चाचा म्हणजे पॉट सांभाळणारा दादाचा जोडीदार, वयाने दादापेक्षा बराच मोठा. दादा आत असताना पॉटची चावी, म्हणजे हवेचा नळ, चाचाच्या हातात असते. दादाने सगळ्यांसमोर, शेठ खुर्चीत बसलेले असताना, तो फुगलेला तुकडा ठेवून सगळं सांगितलं. चाचाने दोन्ही कानांना हात लावले. “हम तो दुआ समझ के लगाते थे.”

शेठ गुजराती, मराठी चांगलं बोलतात, चिडले की जास्तच चांगलं. त्यांनी तुकडा उलटासुलटा केला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, हे पण छापणार ना? की मीच खराब माल आणला तेवढंच?”

“माल चांगला होता. छापीन,” मी म्हटलं. “तार जमिनीत खोचलीय तेही छापीन.”

“छापा, छापा.” मग ते दादाकडे वळले. “म्हणजे पाइप आतून चांगला आहे. तू सांगतो, दुकानवाला पण सांगतो. मग खराब तेवढा कापून टाक, कपलिंग लाव, जोड. टाकी तेवढी होऊन जाऊ दे. नवीनचं मग बघू.”

मी दादाकडे बघितलं, सांगितलं होतं ना, अशा नजरेने. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

“टाकीत नाय उतरणार, शेठ.”

“अरे, जोडून दिलं तर?”

“तेल सगळीकडे लागलंय. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. हात न उचलता लावायचो.” त्याचा आवाज चढला नव्हता. पाणी संपलंय, एवढं सांगावं तसं सांगितलं. मग तो टाकीला टेकवलेल्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. काम बंद केलं असं म्हणाला नाही, घोषणा नाही, काही नाही. माणूस चहाची वाट बघत बसतो तसा बसला. चाचाने कॉम्प्रेसर बंद केला आणि गाळ्यात इतकी शांतता झाली की शेजारच्या गाळ्यातला रेडिओ ऐकू यायला लागला.

शेठ उठले. “इतका काय खराब आहे? बाहेरून तर मस्त दिसतो.”

“चमकतोय ना?” चाचा म्हणाला. “तेल का कमाल है.”

“मग घ्या ना खांद्यावर,” मी म्हणाले. मुद्दाम म्हणाले हे खरं, पण चेष्टेने नाही. “दादा घेतो तसा. बाहेरच, टाकीत नको. एक गेट मारून होईपर्यंत.”

शेठना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. पण ते खरंच वाकले. पाइप उचलला, इकडेतिकडे करत खांद्यावर घेतला, मानेला लागला तशी मान तिरकी केली. पांढऱ्या शर्टावर काळा ओघळ उमटला. त्यांचा हात आपोआप पायपावर फिरला आणि एके ठिकाणी थांबला. तिथे साल आत दबली असणार. अंगठा तिथेच राहिला.

“हवा खोलूँ, सेठ?” चाचाने विचारलं. हात नळावर.

“थांब! थांब रे बाबा.”

“नहीं, पूछा मैंने.”

शेठनी पाइप खाली ठेवला. टाकला नाही, वाकून ठेवला. रुमालाने मान पुसली, मग अंगठा पुसला, मग परत मान. “तो तिसरा कुठला म्हणालास? बारीकवाला?” त्यांनी दादाला विचारलं. “तो घेऊन या. आणि कपलिंगला ती साखळी का काय लावतात, जोड सुटला तर फटका बसू नये म्हणून, ती पण घे. माझ्या डोक्याला ताप नको.”

पाइप आला. दादाला नीट मोजून पाहू द्या म्हणून मी अडून बसले, कारण आतलं भोक नॉझलच्या भोकापेक्षा पुरेसं मोठं नसेल तर कच तुंबते आणि रबर जास्त लवकर झिजतं. ते मापात निघालं. कपलिंगचे स्क्रू आतल्या रबरापर्यंत जात नाहीत ना, हे चाचाने बोट घालून तपासलं. नवा पाइप जुन्यापेक्षा जड निघाला. दादाने खांद्यावर घेऊन बघितला आणि तोंड वाकडं केलं. पूर्ण लांबी असाच घेतला तर संध्याकाळपर्यंत खांदा राहणार नाही, असं म्हणाला. शेवटी पॉटकडून हा, आणि हातातला शेवटचा तुकडा त्याच जातीचा पण कमी कापडी थरांचा, वळणारा, असं ठरलं. तो हलका तुकडा लवकर झिजणार, हे माहीत असूनच घेतला. टिकाऊ म्हणजे कधीच न जाणारा नव्हे. कुठला कधी जाईल ते आधी कळणारा.

राहिली वहिनी. दादा म्हणाला तू सांग, मी म्हटलं तुझी बायको आहे, तू सांग. शेवटी शुक्रवारी रात्री ती बाटलीत तेल भरायला बसली तेव्हा दादाच्या तोंडून निघून गेलं. जरा वाकडंतिकडंच निघालं, पण कळलं.

तिने नरसाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “म्हणजे मी दर शनिवारी...”

“तू नाय. मी चोळत होतो,” दादा म्हणाला.

“भरून कोण देत होतं?”

मी मध्ये पडले. माझं भाषण सुरू झालं, की वहिनी, दोष तेलाचा नाही, जिथे कुणी बघत नाही तिथे माणूस दुसरं काय करणार, तपासणी हा हक्क आहे. तिने मला हाताने थांबवलं. “हक्क राहू दे. तपासायचं कसं ते सांग.”

दादाने तिला सांगितलं. हवा बंद असताना पाइप दोन्ही हातांच्या ओंजळीत धरायचा, बाजारात दुधी दाबून बघतो तसा दाबत दाबत पुढे जायचं. जिथे बोट आत जाईल तिथे खडूची खूण. खूण झालेला भाग कापायचा, चिकटवायचा नाही. सायकलची ट्यूब गुंडाळायची नाही.

“आणि मारुतीला?” वहिनीने विचारलं.

“मारुतीला घाल की. मारुती काय रबराचा आहे?”

तेव्हा ती हसली. बाटली अर्धीच भरली.

शनिवारी टाकीचं काम होतं. लग्न झाल्यापासून वहिनी कधी गाळ्यावर आली नव्हती. बायकांनी तिथे यायला बंदी नाही, पण यावं असं तिथे काही नाही. त्या दिवशी ती डबा घेऊन आली आणि डबा शिडीजवळ ठेवून पायपाकडे गेली. चाचा उठून उभा राहिला. तिने पदर खोचला, खाली बसली आणि पॉटच्या टोकापासून सुरुवात केली. नवाकोरा पाइप, त्यात काय सापडणार? तरी कुणी काही म्हणालं नाही. ओंजळ, दाब, पुढे. ओंजळ, दाब, पुढे. जोडाजवळ तिने साखळी ओढून पाहिली. शेठ मोबाइलवर बोलत होते, ते बोलता बोलता बाजूला सरकले, तिच्या वाटेतून.

टाकीच्या तोंडाशी पोहोचल्यावर ती उठली. हात काळे झाले होते. दादाला म्हणाली, “जा.”

दादा टोप घालून आत उतरला. टाकीच्या आतून बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ते भिंतीवर ठोकतात. एक ठोका म्हणजे हवा सोड. दोन म्हणजे बंद. हे चाचाने वहिनीला समजावलं. तिने विचारलं, “आणि तीन?”

“तीन मतलब चाय,” चाचा म्हणाला.

एक ठोका आला. चाचाने नळ फिरवला. पाइप जमिनीवर ताठ झाला आणि टाकीतून असा आवाज यायला लागला की शेजारचा रेडिओ, शेठ, मी, सगळे गप्प. मी चप्पल काढून पायपावर पाय ठेवला. कच आतून जाताना कळत होती, मुंग्यांसारखी. वहिनी टाकीच्या भिंतीला पाठ लावून बसली होती आणि ऊन सरकेल तशी तीही टाकीच्या सावलीबरोबर सरकत होती.

दोन ठोके आले. हवा थांबली. टाकीच्या तोंडातून धुळीचा एक ढग, मग टोप, मग दादाचे खांदे वर आले. टोप काढल्याबरोबर तो मला म्हणाला, “तरी जडच आहे हा तुझा पाइप. खांदा गेला माझा.”

वहिनी डबा उघडायला लागली होती. तिने त्याच्याकडे न बघता म्हटलं, “खांद्याला लावायला तेल आहे घरी.”